इंग्रजी उभयान्वयी अव्ययांची योजना

मराठीत ‘जरी’ आणि ‘तरी’ ही संकेतबोधक अव्यये सामान्यतः जोडीने येतात. हीच घडण मनात असलेला अभ्यासक इंग्रजीतही ‘ऑलदो’ आणि ‘बट’ एकत्र योजतो. परंतु ‘ऑलदो’ आपल्या वाक्यास गौणत्व देते, तर ‘बट’ समान दर्जाची दोन वाक्ये जोडते. म्हणून त्यांपैकी एकच घ्यावे. ‘ऑलदो’नंतर ‘स्टिल’ मात्र चालते, कारण ते क्रियाविशेषण होय.

कोणते वाक्य गौण करावयाचे, हा पुढील प्रश्न. ‘ऑलदो द सॅम्पल वॉज स्मॉल, द रिझल्ट्स वेअर कन्सिस्टंट’ येथे भर निष्कर्षांच्या सुसंगतीवर आहे. ‘ऑलदो’ उत्तरार्धाकडे नेल्यास नमुन्याचे लहानपण प्रधान ठरते. माहिती तीच; दावा मात्र पालटतो.

‘सिन्स’ अधिक फसवे आहे. ‘सिन्स द लॉ वॉज अमेंडेड, प्राइसेस हॅव रिझन’ या वाक्यातून ‘दुरुस्ती झाल्यापासून’ आणि ‘दुरुस्ती झाल्यामुळे’ असे दोन्ही अर्थ निघतात. केवळ कालक्रम सांगावयाचा असल्यास ‘आफ्टर’ योजावे. ‘बिकॉज’ लिहावयाचे तर पुरावाही कार्यकारणसंबंधाचा असला पाहिजे.