दिवा धरलेली बाई
सावळाराम हळदणकर हे मोठे चित्रकार होते. जन्म सावंतवाडीचा, १८८२ सालचा. १९४५-४६ साली त्यांनी पाण्याच्या रंगात एक बाई काढली. ती त्यांचीच मुलगी, गीता. तिच्या एका हातात दिवा आहे, दुसरा हात ज्योतीच्या आड धरलाय. त्यामुळे बोटे लालसर दिसतात. कोरीटला लाईट गेली की चिमणीपुढे हात धरून बघा, अगदी तस्सेच!
पाण्याच्या रंगात उजेड पाहिजे तिथे कागद कोरा सोडतात. चुकले तर खोडरबर चालत नाही. म्हणून आधी फिका रंग, तो वाळला की गडद. वाळेपर्यंत थांबणे हेच फार अवघड काम आहे.
पुष्कळ लोक म्हणतात, चित्र रविवर्म्याचे. पण ते हळदणकरांचेच, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे.