आम्स्टेलच्या बांधावरून



हॉलंडला जाऊन आलेली माणसं फुलांचं आणि पवनचक्क्यांचं वर्णन करतात. मी लिहिते उइटहॉर्नबद्दल. आम्स्टेल नदीकाठचं हे लहानसं गाव. माझी भाची तिथे राहते. ती कामावर गेली की मी एकटीच पायी हिंडत असे. आम्स्टरडॅमहून २५ नंबरची ट्राम २०२४ पासून इथवर येते, तीही जुन्या रेल्वेच्या वाटेवरून. त्या रेल्वेची प्रवासी गाडी १९५० सालीच बंद झाली होती.

नदीच्या धक्क्याला विल्हेल्मिनाकाडे म्हणतात. मी नर्स होते, त्यामुळे नजर आधी म्हाताऱ्यांच्या पायांकडे जाते. नव्वदीच्या बायका चाकांचा वॉकर ढकलत एकट्या बाजारात जातात, कारण पायवाट कुठे खचलेली नाही. फक्त डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवावं लागतं. स्किपोल विमानतळ जवळच आहे.

पण मला खरं नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. बांधावर उभी राहिले तर एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला शेतं, आणि शेतं नदीच्या पाण्यापेक्षा खाली! मुलांनो, स्किपोलच्या जागी पूर्वी मोठं सरोवर होतं. वाफेच्या पंपांनी ते उपसलं, १८५२ साली तळ कोरडा झाला. आज विमानं उतरतात ती समुद्राच्या पातळीपेक्षा तीन-चार मीटर खाली. पंप मात्र अजून चालूच ठेवावे लागतात.

आजी-आजोबांना हे ऐकून खारेपाट आठवेल. अलिबाग-पेणकडे खाडीला बांध घालून भातशेती करीत. भरतीचं पाणी अडवायचं, ओहोटीला उघाडीतून शेतातलं पाणी सोडायचं. बांधाला खांड पडली की गावातली बायकामाणसंसुद्धा चिखल टाकायला धावत, कारण खारं पाणी एकदा शिरलं की पुढची वर्षं भात नाही. १९४८ च्या खारजमीन कायद्यानंतर बांधांचं काम सरकारकडे जात गेलं. माझ्या मते तिथेच बिनसलं, सरकारचा बांध तो कोणाचाच बांध नव्हे. आता कित्येक शेतांत तिवरं उभी आहेत.

इथे बांध आणि पंप सांभाळायला वेगळी पाणी-मंडळं आहेत, काही तर शेकडो वर्षांची. लोक त्यांना निराळा कर देतात आणि दर चार वर्षांनी निवडणुकीत मत देतात. मागची निवडणूक मार्च २०२३ मध्ये झाली. भाची म्हणते, कराची कुरकुर सगळेच करतात.

याच पाण्याचं त्यांनी हत्यारही केलं होतं. आम्स्टरडॅमभोवती सुमारे १३५ किलोमीटरचं किल्ल्यांचं कडं आहे, त्यातला ड्रेख्तचा किल्ला उइटहॉर्नमध्ये. शत्रू आला तर शेतांत गुडघाभर पाणी सोडायचं. चालायला जास्त, होडीला कमी! पुढे विमानं आली आणि सगळंच फुकट गेलं. १९९६ पासून हे कडं जागतिक वारसा आहे.

हीच नदी पुढे औडरकेर्क गावावरून आम्स्टरडॅमला जाते. औडरकेर्कला १६१४ साली पोर्तुगीज यहुद्यांनी कबरस्तानासाठी जमीन घेतली. नाव बेथ हाइम. आम्स्टरडॅमहून मयत होडीने आणत, घोडा काठावरून दोर ओढी. मेनासे बेन इस्राएल तिथेच आहेत. जमीन इतकी ओली आणि मऊ, की कितीतरी दगड आत खचून गेले.