काँग्रेस कार्यसमितीचे राजीनामे (१९३६)

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या कार्यसमितीतील सात सदस्यांनी २९ जून १९३६ रोजी वर्धा येथून अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांच्याकडे राजीनामे सादर केले. महात्मा गांधींच्या मध्यस्थीने ते मागे घेण्यात आले. सहकाऱ्याला त्याचे दोष स्पष्टपणे, पण आपुलकीने कसे सांगावेत, याचे उदाहरण म्हणून या वेळचा पत्रव्यवहार लक्षणीय आहे.

पार्श्वभूमी

एप्रिल १९३६ मधील लखनौ अधिवेशनात नेहरूंनी अध्यक्षपदावरून समाजवादाचा पुरस्कार केला. जयप्रकाश नारायण, नरेंद्र देव व अच्युत पटवर्धन या समाजवाद्यांना त्यांनी कार्यसमितीत घेतले. मात्र समितीतील बहुमत वेगळ्या विचारांचे होते.

राजीनामे व माघार

राजेंद्र प्रसाद, चक्रवर्ती राजगोपालाचारी, जयरामदास दौलतराम, जमनालाल बजाज, वल्लभभाई पटेल, जे. बी. कृपलानी आणि शंकरराव देव यांनी राजीनामे दिले. समाजवादाचा प्रचार त्या टप्प्यावर काँग्रेसला हानिकारक आहे, असे त्यांचे मत होते. राजीनामे मागे घेतल्यावर १ जुलै रोजी राजेंद्र प्रसाद यांनी नेहरूंना स्वतंत्र पत्र लिहिले. आपल्याला कालबाह्य ठरवले जात असल्याची सहकाऱ्यांची भावना त्यांनी त्यात मांडली. व्यथित नेहरूंनी ५ जुलै रोजी गांधींना लिहून आपली बाजू कळवली.

गांधींचे पत्र

गांधी त्या वेळी वर्ध्याजवळील शेगाव (नंतरचे सेवाग्राम) येथे राहत होते. १५ जुलैच्या उत्तरात त्यांनी नेहरूंच्या विचारांपेक्षा वागणुकीवर बोट ठेवले. नेहरूंचा अधिकारवाणीचा सूर, त्यांचे रागावणे आणि आपलेच ज्ञान श्रेष्ठ मानण्याचा भास यांमुळे सहकारी दुखावले आहेत, असे त्यांनी सांगितले. हेच सहकारी नेहरूंना एकमताने अध्यक्षपदी आणणारे आहेत, याचीही त्यांनी आठवण दिली. घडल्या प्रकाराकडे विनोदबुद्धीने पाहावे आणि हा घरगुती कलह अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे नेऊ नये, असा त्यांचा सल्ला होता. टीका खाजगी आणि थेट होती. तिच्यामागील विश्वास मात्र कायम होता.

परिणाम

समाजवादाविषयीचा मूळ मतभेद या पत्रांनी मिटला नाही, पण फूट टळली. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर अधिवेशनाचे अध्यक्षपद पुन्हा नेहरूंकडेच आले आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुका काँग्रेसने एकत्रितपणे लढवल्या. स्वतःवरील टीकेची ही पत्रे नेहरूंनीच १९५८ मध्ये ‘अ बंच ऑफ ओल्ड लेटर्स’ या संग्रहात प्रसिद्ध केली.