केमिकल पील आणि सावळी त्वचा

केमिकल पील म्हणजे त्वचेला ठरवून, मोजून केलेली इजा. आम्लाने वरचा थर सुटा होतो आणि खालच्या नव्या पेशींना वाट मिळते. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सोन उन्ना यांनी १८८२ साली सॅलिसिलिक आणि ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल, रिसॉर्सिनॉल व फिनॉल यांचे परिणाम नोंदवले. या उपचाराचा आधुनिक इतिहास तिथून सुरू होतो.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडमध्ये आज पील दवाखान्यांत होते आणि ब्यूटी पार्लरमध्येही. येणाऱ्यांची तक्रार वांग, मुरमांचे डाग किंवा उन्हाने आलेला काळेपणा अशी असते; मनात मात्र बरेचदा गोरेपणाची आस असते. अंधेरीत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरच्या, १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ जायला २०२० साल उजाडले. पीलने डाग फिके होतात, मूळ वर्ण बदलत नाही. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

त्वचेचे फिकटपासून गडदपर्यंत प्रकार पाडणाऱ्या फिट्झपॅट्रिक वर्गीकरणात बहुतेक भारतीय त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. अशी त्वचा इजा झाली की जास्त रंगद्रव्य तयार करते, आणि डाग घालवायला गेलेल्याच्या चेहऱ्यावर नवा, अधिक गडद डाग उमटू शकतो. म्हणून इथे वरवरचे पील बरे. फिनॉलचे खोल पील सावळ्या त्वचेवर टाळतात. त्याने हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात.

खरे काम आधीच्या दोन ते चार आठवड्यांत होते. रोज सनस्क्रीन, रात्री डॉक्टरांनी दिलेले मलम, आणि आधी काय काय लावले याची कसून चौकशी. केमिस्टकडून परस्पर आणलेल्या स्टिरॉइडयुक्त क्रीमने त्वचा पातळ झालेली असते. तिच्यावर आम्ल लावणे धोक्याचे. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली.

प्रत्यक्ष पील काही मिनिटांचे असते. चेहऱ्यावरचा तेलकटपणा पुसून डोळ्यांचे, नाकाचे, ओठांचे कोपरे व्हॅसलीनने झाकतात. ग्लायकोलिक आम्ल लावताच घड्याळ सुरू होते. चुरचुर होते, लाली येते आणि वेळ संपताच सोड्याच्या द्रावणाने आम्ल निष्प्रभ करतात. सॅलिसिलिकनंतर चेहऱ्यावर पांढरी पूड दिसते. ते आम्लाचेच स्फटिक. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचा पांढरेपणा वेगळा: तिथे त्वचेतली प्रथिने गोठलेली असतात आणि ती पांढरी छटा पाहून आम्ल किती खोल गेले याचा अंदाज बांधतात. रंग एवढा बारकाईने वाचण्यासाठी प्रशिक्षित नजर लागते. पार्लरमधल्या पीलची खरी अडचण हीच आहे.

नंतरचे काही दिवस पापुद्रे सुटतात. ते नखाने ओढले की डाग ठरलेला. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. मुरमांचे डाग चांगले फिकट होतात, वांग मात्र पुन्हा उगवतो, कारण ऊन आणि संप्रेरके तिथेच असतात. दृश्य प्रकाशही वांग गडद करतो. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन साध्यापेक्षा अधिक उपयोगी पडते, आणि ते पावसाळ्यातही लावावे लागते.