बटाव्हियाचा अर्राक आणि रसिकाची पारख

मद्याचा विषय सांस्कृतिक पानावर कशाला, अशी शंका काही वाचकांस येईल. ती रास्तच आहे. पण येथे आपण फक्त पारखण्याविषयी बोलणार आहोत, आणि न पिणाऱ्यालाही गंमत वाटावी असे त्यात पुष्कळ आहे. परदेशाहून परतलेला भाचा किंवा जावई कधी एखादी चमत्कारिक बाटली घेऊन येतो. तिच्यावर ‘बटाव्हिया अर्राक’ असे लिहिलेले असते. घरातले कुणी जाणते काका एक घोट घेतात आणि निकाल देतात, “रम आहे, पण बिघडलेली.”

बटाव्हिया म्हणजे आजचे जकार्ता. डचांनी १६१९ साली जावा बेटावर ते ठाणे वसवले. तेथल्या चिनी कारागिरांच्या भट्ट्यांतून निघालेले हे मद्य डच जहाजांतून युरोपात जाऊ लागले. त्याचा मुख्य माल उसाची मळी, आणि रमही मळीचीच. तेव्हा काकांचा निकाल वरवर पाहता बरोबर ठरतो.

गाणे ऐकणाऱ्यांनी येथे भूप आणि देशकार आठवावेत. दोहोंचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. तरीही पंडित भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात घातला आणि देशकार बिलावल थाटात. भूपाचा जीव गांधारात, देशकाराचा धैवतात. देशकार गाणाऱ्याला ‘तुमचा भूप आज जमला नाही’ असे सांगणारा श्रोता स्वर मोजतो, चलन ऐकत नाही. मळी पाहून अर्राकला रम ठरवणारा त्याच पंक्तीतला.

अर्राकचे चलन त्याच्या आंबवणीत आहे. साखर आयती मिळाली तर किण्व ती खाऊन मद्यार्क तयार करते. उसाचा रस, माडाची नीरा, काजूचे बोंड, आपल्या माळव्या-निमाडातले मोहाचे फूल, या साऱ्यांत साखर आयतीच असते. धान्याचे तसे नाही. त्यात पिष्ट असते आणि आधी त्याची साखर करावी लागते. युरोपात त्यासाठी जवाला मोड आणतात. पूर्व आणि आग्नेय आशियाने निराळीच वाट काढली. तांदळावर विशिष्ट बुरशी आणि किण्व वाढवायचे, त्याच्या वड्या थापून वाळवायच्या, आणि पुढच्या वेळी त्या विरजणासारख्या वापरायच्या. जावात या वडीला रागी म्हणतात (आपल्या नाचणीशी तिचे काही नाते नाही), थायलंडात लूक पेंग, व्हिएतनाममध्ये मेन, फिलिपिन्समध्ये बुबोद.

बटाव्हियाच्या कारागिरांनी लाल तांदळाच्या अशाच वड्या मळीत घातल्या. खरे पाहता मळीला बुरशीची गरज नव्हती, साखर तिच्यात होतीच. पण हात तांदळाच्या मद्याला सरावलेले होते, आणि त्या विरजणाबरोबर सूक्ष्म जीवांची एक वसाहतच मळीत उतरली. पिकून काळी पडलेली केळी, भिजलेला पेंढा, कातडे, किंचित धूर, असा जो विलक्षण वास या मद्याला येतो त्यात या वसाहतीचा मोठा वाटा आहे. काका ज्याला बिघाड म्हणतात, तोच त्याचा धैवत.

नावावरून वर्ग ठरवायला जावे तर अधिकच फसगत होते. मूळ अरबी ‘अरक’ म्हणजे घाम. भट्टीवर वाफेचे थेंब जमतात, त्यांना हा शब्द लागला. आपला ‘अर्क’ याच शब्दाचा भाऊ. हे एक नाव किती ठिकाणी गेले पाहा. लंकेतला अर्राक माडाच्या नीरेचा, लेबनॉनचा द्राक्षांचा आणि बडीशेपेसारख्या वासाचा, मंगोलियातला तर दुधाचा! उलट थायलंडात १९४१ पासून मिळणारे मेखाँग ‘व्हिस्की’ म्हणून ख्यात झाले, पण त्यात बहुतांश मळी, थोडा तांदूळ आणि वर औषधी मसाले असतात. हसण्याचे कारण नाही. आपल्या देशात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या कित्येक बाटल्यांतही मळीचाच मद्यार्क असतो. म्हणून लेबल बाजूला ठेवावे आणि माल कोणता, आंबवले कशाने, गाळल्यावर मुरवले की मसाला घातला, एवढे विचारावे. त्यातला मधला प्रश्न बहुतेक कुणीच विचारीत नाही.

अपरिचित मद्याबाबत एक गोष्ट मात्र पारखीच्या पलीकडची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधील वांग व्हिएंग येथे मेथॅनॉलच्या विषबाधेने सहा परदेशी प्रवासी दगावले. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे याच विषाने शंभरावर माणसे गेली. औद्योगिक मेथॅनॉल मिसळले तर ते नाकाला किंवा जिभेला ओळखता येत नाही, आणि पेटवून ज्योतीचा रंग पाहण्याची युक्तीही भरवशाची नाही. मोहोर नसलेल्या बाटलीपुढे रसिकता बाजूला ठेवून नम्रपणे नकार द्यावा, यजमान कितीही आग्रही असो.

आता आस्वादाकडे. बटाव्हिया अर्राक पन्नास टक्के मद्यार्काचाही मिळतो, तेव्हा पेल्यात नाक बुडवू नये. थेंबभर तळहातावर चोळावा. झणका उडून गेल्यावर मागे राहतो तो खरा वास. मग चमचाभर अर्राक लहान पेल्यात घेऊन थोडे पाणी घालावे आणि पाच मिनिटे थांबावे. ओकच्या पिंपातली गोडी यात शोधू नये. हे मद्य परंपरेने सागवानी टाक्यांत मुरते आणि अंगाने कोरडे असते.

खरे तर एकट्याने गाण्याचा हा राग नव्हे. लिंबू, साखर, मसाला आणि पाणी यांच्या साथीत तो खुलतो. अर्राकसकट हे पाच पदार्थ झाले, आणि ‘पंच’ हे पेयाचे नाव आपल्याच पाच या आकड्यावरून पडले असे पुष्कळांचे मत आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात येऊन राहिलेल्या फ्रायर नावाच्या इंग्रज वैद्यानेही तसेच लिहिले आहे. पंचासाठी उत्तम अर्राक गोव्यातल्या नेरूळचा, असेही तो सांगतो. तो अर्राक वेगळ्या कुळातला.

जावाच्या अर्राकला सर्वांत निष्ठावान श्रोते मिळाले ते थेट स्वीडनमध्ये. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले जहाज १७३३ मध्ये गोथेनबर्गला परतले आणि त्या सुमारास हे पेय तेथे पोहोचले. १८४५ पासून ते साखर घालून तयार बाटलीत मिळू लागले. तेथे गुरुवारी वाटाण्याचे घट्ट सूप करण्याची जुनी चाल आहे, आणि त्या सुपाबरोबर हा अर्राकचा पंच गरम करून देतात.