झायलोफोन: लाकडाचा कोरडा, लखलखीत स्वर

झायलोफोन हे सुरात जुळवलेल्या लाकडी पट्ट्यांचे वाद्य आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग सांगितले आहेत. झायलोफोन त्यातल्या घनवाद्यांत येतो. त्याला तार नाही, कातडे नाही, फुंकरही लागत नाही. पट्टीचे लाकूड स्वतःच कंप पावते. आपल्याकडचा काष्ठतरंग याच जातीचा.

ऑर्केस्ट्रातील झायलोफोनला साधारण साडेतीन सप्तकांच्या पट्ट्या असतात आणि त्या पियानोप्रमाणे दोन रांगांत मांडलेल्या असतात. त्यासाठी मध्य अमेरिकेतील होंडुरास रोझवूड नावाजलेले आहे. आपला शिसव आणि हे झाड दोन्ही डालबर्जिया या एकाच प्रजातीतले. या प्रजातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ मध्ये कडक नियंत्रण आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली. कृत्रिम तंतूंच्या पट्ट्याही आता सर्रास वापरतात.

नुसती रंधून सपाट केलेली पट्टी सुरेल वाजत नाही. तिच्या मूळ स्वराबरोबर उठणाऱ्या पुढच्या अंशस्वराची कंपने सुमारे २.७६ पट असतात आणि हे नाते कानाला खटकते. म्हणून पट्टीच्या खालच्या अंगाला मध्यभागी कमान कोरतात. मधले लाकूड कमी झाले की मूळ स्वर उतरतो आणि अंतर वाढते. झायलोफोनमध्ये ते नेमके तिपटीवर आणतात, म्हणजे मूळ स्वर मध्य षड्ज धरला तर वर तार पंचम. मारिंबा या मोठ्या भावंडात ते चौपट ठेवतात, म्हणून त्याचा नाद अधिक गोल आणि मऊ. जुळवताना कारागीर मधोमध थोडे खरवडतो तेव्हा स्वर उतरतो, टोकांकडे खरवडले की चढतो. पट्टी कुठे टेकवायची हेही ठरलेले असते. सरळ पट्टीत दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर कंप जवळजवळ शून्य असतो. ३६ सेंटिमीटरच्या पट्टीत ही जागा टोकापासून ८ सेंटिमीटरवर येते. कमान कोरल्यावर ती थोडी सरकते. दोरी तिथूनच ओवतात. जागा चुकली की नाद दबतो. पट्ट्यांखालच्या, तळाशी बंद असलेल्या नळ्या त्या त्या स्वराला घुमवतात.

युरोपात या वाद्याचा लेखी उल्लेख १५११ मध्ये आर्नोल्ट श्लिक याने केला. पुढे तीनशे वर्षे ते फिरस्त्या वादकांच्या हाती राहिले. १८३० च्या दशकात मिखाएल गुसिकोव्ह गवताच्या पेंढ्यांवर पट्ट्या मांडून मैफली गाजवू लागला. १८७४ मध्ये संगीतकार सेंट-सान्स याने ‘दान्स माकाब्र’मध्ये सांगाड्यांच्या हाडांचा खडखडाट झायलोफोनकडे सोपवला आणि तिथून ऑर्केस्ट्रात त्याची जागा पक्की होत गेली. हा विनोदी-भयाण शिक्का पुसायला वेळ लागला. बार्टोकने १९३६ च्या ‘म्युझिक फॉर स्ट्रिंग्ज, पर्कशन अँड सेलेस्टा’मध्ये तिसऱ्या भागाच्या आरंभी एकच स्वर आधी सावकाश, मग वेगाने, पुन्हा सावकाश वाजवायला लावला. झायलोफोनमध्ये किती गांभीर्य मावते हे तिथे ऐकावे.

ऑर्केस्ट्रात तालवाद्यांची रांग सर्वांत मागे असते. खंजिरी, झांजा, स्नेअर ड्रम यांना ठरावीक सूर नसतो. टिंपनी, ग्लोकेनश्पील, झायलोफोन, मारिंबा, व्हायब्राफोन आणि नळीघंटा यांना असतो. ग्लोकेनश्पीलच्या पट्ट्या पोलादाच्या, त्यामुळे त्याचा नाद रेंगाळतो. झायलोफोनचा उठताक्षणी विरतो. हेच त्याचे बळ. सगळा वाद्यमेळ गर्जत असतानाही तो स्पष्ट ऐकू येतो आणि व्हायोलिनच्या ओळीला जोडला की प्रत्येक स्वराला धार चढते. स्वर लांबवायचा तर दोन काठ्यांनी भराभर आघात करत राहावे लागते. लिहिलेल्या स्वरापेक्षा तो एक सप्तक वर वाजतो. वडनेर भोलजीसारख्या गावातल्या शाळकरी मुलापासून मुंबईच्या मुलापर्यंत अनेकांना हे वाद्य पहिल्यांदा भेटते ते इंग्रजी मुळाक्षरांच्या तक्त्यावर किंवा खेळण्यात; पण रंगीत धातूच्या पट्ट्यांचे ते खेळणे खरे तर ग्लोकेनश्पीलच्या घराण्यातले.

महाराष्ट्रात या वाद्यकुळाला सर्वाधिक काम दिले ते मुंबईच्या चित्रपटसंगीताने. कावस लॉर्ड आणि त्यांची मुले केरसी व बर्जोर या पारशी कुटुंबाने पाश्चात्त्य तालवाद्ये स्टुडिओत रुजवली. ‘हम दोनो’ (१९६१) मधली सिगारेट लायटरची धून केरसी यांच्या ग्लोकेनश्पीलवरची, संगीतकार जयदेव. तीच धून झायलोफोनवर वाजली असती तर तिचा रेंगाळणारा हळवेपणा उरला नसता. कोणत्या जागी धातू आणि कोणत्या जागी लाकूड, हा निर्णय वाद्यवृंदरचनेत किती मोलाचा असतो ते यावरून कळते.

सिंफनीची परंपराही मुंबईत जुनी आहे. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. २००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना केली. अशा मैफलीला जाणाऱ्याने शक्यतो वरच्या मजल्यावरची जागा घ्यावी. मागच्या रांगेतला वादक एका वाद्याकडून दुसऱ्याकडे कसा सरकतो आणि दोन रांगांवर त्याच्या काठ्या कशा पडतात, ते तिथून नीट दिसते.