तबकडी संगणकावर घेताना

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून एक केबल आणायची आणि टर्नटेबल थेट संगणकाच्या माइकला जोडायचं, असं करू नका! सुईतून येणारा आवाज अगदी क्षीण असतो. शिवाय एलपी कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. ते पूर्ववत करायला मध्ये फोनो प्रीॲम्प हवाच. मग यूएसबी ऑडिओ इंटरफेस. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवा.

गायिका हिराबाई बडोदेकरांच्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांना मात्र जाड, ३ मिलची सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते, खरखर वाढते आणि हिराबाईंची सुंदर तान त्यात बुडते. या तबकड्या स्पिरिटने कधीच पुसू नका, लाख विरघळते. मूळ वेव्ह फाइल तशीच जपा. खरखर काढायची ती प्रतीवर.